लेमन सेटांच्या गर्दीतली पक्कड

भाचीच्या वास्तुशांतीचं आमंत्रण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. खाली नेहमीची ओळ होती, ‘कृपया आहेर आणू नये’. ही ओळ आपल्याकडे कुणीच मनावर घेत नाही, त्यामुळे काय न्यायचं यावरून दोन दिवस धुमश्चक्री चालली. पाकीटवाले म्हणाले, पैसे द्या, पोरांचे हप्ते चालू आहेत, त्यांचं त्यांना ठरवू दे. वस्तूवाले म्हणाले, पाकिटाला काय चेहरा असतो का? चांदीचा गणपती द्या, समई द्या, आठवण राहते. मध्येच मी लिहिलं की मी तिला एक पक्कड, एक टेस्टर आणि एक पाणसळ (गवंडी पातळी बघतात ती बुडबुड्याची पट्टी) देणार आहे. ग्रुप मिनिटभर गप्प. मग हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे रांगेने उमटले. वहिनीने विचारलं, ‘अगं, शनिवारी लोखंड?’ आणि एका मावसभावाने सुचवलं की त्यापेक्षा प्लंबरच पाठव.

या वादात दोन्ही बाजू एकाच जागी चुकतात, असं माझं मत आहे. पाकीटवाले पैशाची किंमत मोजतात, वस्तूवाले भावनेची. भेट मिळाल्यानंतरच्या सोमवारी त्या माणसाला असं काय करता येईल जे शुक्रवारी येत नव्हतं, हा प्रश्न कुणाच्या तोंडून येत नाही. तो विचारला तर हजार-बाराशे रुपयांत हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या हत्यारांच्या जवळपास येईल अशी भेट मला तरी दिसत नाही. फिटर, सुतार, वायरमन यांनाच ती द्यावीत असंही नाही. ज्यांच्या घरात पेचकस म्हणून सुरीचं टोक वापरलं जातं, त्यांना तर आधी द्यावीत.

हे मी माझ्या आहेरावरून सांगते. १९९३ साली माझं लग्न झालं तेव्हा आमच्याकडे सात लेमन सेट आणि पाच भिंतीवरची घड्याळं जमली होती. त्या ढिगात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळी बांधलेलं एक पुडकं होतं. माझा मामा भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये फिटर होता. पुडक्यात पक्कड, टेस्टर आणि सहा इंची अर्धगोल कानस निघाली. मांडवात हशा पिकला. मामा मात्र गंभीरपणे मला शिकवत बसला. पक्कड मिटायची, डोळ्यांसमोर उजेडाकडे धरायची. दोन जबड्यांच्या टोकाला फट दिसली तर ती पक्कड दुकानदाराला परत. मग उघडायची आणि मिटायची. सांधा अडकताही कामा नये आणि खुळखुळताही कामा नये. लेमन सेट एकेक करत फुटले, काही पुढे दुसऱ्यांच्या लग्नात गेले (ते नेमके कुणाकडे गेले हे मी सांगणार नाही). पक्कड अजून आहे. मुठीवरचं निळं आवरण एका ठिकाणी तडकलं आहे, म्हणून विजेच्या कामाला ती मी आता घेत नाही. बाकी सगळ्याला तीच.

आता पाकीटवाल्यांचं म्हणणं त्यांच्यापेक्षाही जोरात मांडून बघू. अमेरिकेत येल विद्यापीठात शिकवणाऱ्या जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्येच नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला होता. विद्यार्थ्यांना त्याने विचारलं, मिळालेल्या वस्तूला तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते? देणाऱ्याने घातलेल्या पैशांपैकी एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग भेटीतच विरून जातो, असा त्याचा निष्कर्ष. लेमन सेट आठवा, पटतं. पैसे दिले तर काहीच विरत नाही, हे मला मान्य आहे. पण या हिशेबात एक गृहीतक दडलेलं आहे: घेणाऱ्याला आपल्याला काय हवं ते आधीच ठाऊक असतं. हत्यारांच्या बाबतीत हेच खोटं ठरतं. माहीत नसलेली वस्तू माणूस पाकिटातल्या पैशांनी कशी विकत घेणार?

कॅनडातल्या ओटावाची गोष्ट आहे. तिथे लोरेन ली या बाई एकदा संत्र्याचा केक करत होत्या. साध्या किसणीवर सालीचा लगदा होत होता. वैतागून त्यांनी नवऱ्याच्या हत्यारांच्या दुकानातून आलेली लाकूड घासायची नवी कानस उचलली आणि संत्र्यावर फिरवली. साल हिमासारखी भुरभुरली. ती कानस अमेरिकेतल्या आर्कान्सातल्या ग्रेस कंपनीने सुतारांसाठी केली होती. तिच्यापासून पुढे ‘मायक्रोप्लेन’ नावाची किसणी जगभरच्या स्वयंपाकघरांत गेली. हे १९९४ च्या सुमाराचं. आदल्या दिवशी कुणी लोरेनबाईंच्या हातात पैशाचं पाकीट ठेवून ‘काय हवं ते घ्या’ म्हटलं असतं, तर त्यांनी सुतारकामाची कानस घेतली असती का? ओसाकातही असंच झालं. छापखान्यात काम करणाऱ्या ओकादा योशिओने चांभारांना काचेचे तुकडे वापरताना पाहिलं होतं. एक धार बोथट झाली की काच फोडायची, नवी धार मिळते. त्यात चॉकलेटच्या वडीवरच्या रेघा त्याला आठवल्या आणि १९५६ मध्ये टोक मोडत जायचं पातं असलेला कटर जन्माला आला. आज तो आपल्या प्रत्येक स्टेशनरीच्या दुकानात लटकलेला असतो. एका धंद्यातलं हत्यार दुसऱ्याच्या हातात पडतं तेव्हा असं होतं. भेट हा ते पाडण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

वस्तूवाल्यांशी माझं भांडण कमी आहे. चांदीचा गणपती देव्हाऱ्यात बसतो, पक्कड बसत नाही, कबूल. पण आठवणीचं म्हणाल तर समई कुणी दिली हे मला वहीत बघावं लागतं.

कसोटीचा प्रसंग मात्र टेस्टरचा आहे. लग्नानंतर चार वर्षांनी आम्ही नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. पॅसेजमधला बल्ब गेला, नवरा गावाला. मामाचा नियम होता की आधी चालू असलेल्या प्लगमध्ये टेस्टर पेटतो का ते बघायचं. पेटला तरच दुसरीकडे ‘पेटत नाही’ या त्याच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा. बघितलं, पेटला. मग बटण बंद करून स्टुलावर चढले आणि बल्ब काढून होल्डरमध्ये टोक लावलं. बटण बंद, तरी टेस्टरमधला नारिंगी ठिपका उजळला. दोनदा बटण चालू-बंद करून पाहिलं. खाली उतरले, मेन स्विच पाडला, आणि दुसऱ्या दिवशी इमारतीचं वायरिंग केलेल्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, ‘बटण बंद केलं की दिवा जातो ना मॅडम? मग काय फरक पडतो?’ फरक असा पडतो की बटण फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेत असायला हवं, त्याने ते न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या तारेत टाकलं होतं. दिवा विझायचा, पण होल्डरमध्ये वीज तशीच उभी. बोट लावणाऱ्याला ती सापडणारच. मजल्यावरच्या आणखी दोन घरांत तेच निघालं आणि बिल्डरला सगळं तपासून द्यावं लागलं. चाळीस-पन्नास रुपयांची वस्तू. आत एक निऑनचा इवलासा दिवा आणि त्याच्या मागे आपल्या अंगातून जाणारा प्रवाह नगण्य ठेवणारा मोठा रोधक, बस. मला तिने वायरमन केलं नाही, वायरमनला विचारायचा प्रश्न दिला. ‘माझा विश्वास नाही’ म्हणणं वेगळं आणि ‘बंद बटणावर होल्डरमध्ये टेस्टर पेटतो’ म्हणणं वेगळं. दुसऱ्या वाक्याला उत्तर द्यावं लागतं.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात धारदार आक्षेप बायकांकडून येतो, आणि तो मला मनापासून पटतो. वाढदिवसाला बायकोला मिक्सर देणारा नवरा आठवा. मिक्सरच्या खोक्यावर न लिहिलेलं वाक्य असतं, उद्यापासून चटणी तू वाट. अवजार देणं म्हणजे काम देणं. मग मी भाचीला पक्कड देते म्हणजे नळाचं वायसर तिच्या गळ्यात मारते का? इथे मी एक भेद करते. श्रम घेणाऱ्याचे आणि फळ मुख्यतः इतरांचं असेल, तर ती भेट कागदात गुंडाळलेली कामाची वाटणी आहे, ती देऊ नये. ज्या हत्याराने घेणाऱ्याचं दुसऱ्यावर अवलंबून राहणं कमी होतं, त्याची गोष्ट वेगळी. मिक्सरने माझी सुटका कुणापासूनच होत नाही. पक्कड हातात असली की ‘हे आले की बघतील’ या वाक्यापासून होते. शिवाय एक गंमत पाहा. रुखवतात विळी मांडली, पोळपाट-लाटणं मांडलं, सोऱ्या, किसणी, अडकित्ता मांडला, तेव्हा कुणी म्हणालं नाही की ही अवजारं आहेत, भेट कशी होतील? मुलीला अवजारं द्यायची आपली परंपरा चांगली जुनी आहे. त्यात पक्कड आली की मगच आपल्याला सौंदर्यदृष्टी आठवते.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. आपल्याकडे कारागीर आहेत, त्यांचं पोट त्यावर आहे. तुम्ही घरोघरी पान्हे-पकडी वाटल्या तर त्यांनी काय करायचं? हा आक्षेप घेणारे लोक त्याच कारागिराशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करतात, पण ते सोडा; आक्षेप स्वतःच्या बळावर उभा राहतो का ते पाहू. पाच रुपयांचं वायसर बदलायला शहरात प्लंबर येत नाही, आला तर नाराजीने येतो. ही कामं त्याची रोजी नव्हेत, ती त्याची अडगळ आहे. आणि ज्याने शेगड्यात (म्हणजे व्हाइसमध्ये) लोखंडाची पट्टी धरून एकदा तरी कानस चालवली आहे, काटकोनात एक कड आणायला किती वेळ आणि किती घाम लागतो हे पाहिलं आहे, तो चांगल्या फिटरच्या मजुरीवर हुज्जत घालत नाही. घासाघीस अज्ञानातून येते. अवजार हातात घेतलेला माणूस कारागिराचा स्पर्धक होत नाही, फार तर त्याचा जाणकार गिऱ्हाईक होतो.

या आक्षेपाच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे, जी ग्रुपवर कुणी बोलणार नाही. बलुतेदारीच्या गावगाड्यात हत्यार जातीला बांधलेलं होतं. रंधा सुताराच्या घरी, ऐरण लोहाराच्या घरी, आरी चांभाराच्या घरी. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या घरात लोखंड यायचं ते अडकित्त्याच्या आणि विळीच्या रूपात. ‘हातात पान्हा येईल’ ही अभ्यास न करणाऱ्या पोराला द्यायची धमकी होती, अजूनही आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातकामातून शिक्षणाची कल्पना मांडली तेव्हा ती नेमकी या धमकीवर बोट ठेवत होती. ही नई तालीम पांढरपेशांना भाषणात आवडली. आपली मुलं मात्र त्यांनी तिकडे फारशी धाडली नाहीत. पुढे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईतली संशोधकाची नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि विज्ञान आश्रम काढला. तिथे शाळेत नापास ठरलेली मुलं वेल्डिंग, बांधकाम, शेती करत करत विज्ञान शिकू लागली. तरी आपण त्यातून निष्कर्ष काय काढला? असं शिक्षण ‘त्या’ मुलांना बरं. सरकारचंही तसंच. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांतल्या कारागिरांना हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. चांगलंच आहे. पण हत्यार दिलं की माणूस उभा राहतो हे सरकारला कळतं आणि आपल्याला ते फक्त सरकारी यादीतल्या व्यवसायांपुरतं खरं वाटतं. सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या माझ्या भाचीच्या हातात पक्कड ठेवण्यात थोडासा हा हिशेबही आहे.

राहिली वहिनीची शंका. शनिवारी लोखंड घेऊ नये, कात्री हातात देऊ नये, धारदार वस्तू भेट दिली की नातं तुटतं. हसण्यावारी नेऊ नका. युरोपातही सुरी भेट मिळाली की घेणारा एक नाणं परत देतो, म्हणजे ती ‘विकत’ घेतल्यासारखी होते. लोखंडाची भीती जुनी आहे आणि आपल्याकडे तिची एक महागडी आठवण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती की लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते. नांगर पडून राहिले. तोच नांगर पुढे गावोगाव गेला. औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि हे नांगर विकत फिरणाऱ्यांत कर्मवीर भाऊराव पाटीलही होते. स्वावलंबी शिक्षणाचं ब्रीद घेऊन रयत शिक्षण संस्था काढणारा माणूस आधी अवजार विकत हिंडला होता, हा मला योगायोग वाटत नाही. आणि शुभ-अशुभाचंच बोलायचं तर खंडेनवमीला आपण काय करतो? कारखान्यात लेथला, गॅरेजमध्ये पान्ह्यांना, घरात लॅपटॉपलासुद्धा झेंडूचं फूल वाहतो. वर्षातून एकदा ज्याच्यापुढे हात जोडायचे तेच आहेरात आलं की अपशकुन, याची संगती मला कधी लागलेली नाही.

हत्यारं पडून राहतात, गंजतात, या आक्षेपापुढे मात्र मी निम्मी हार मानते. पडून राहतात ती बहुधा मोठी, विजेवर चालणारी. ड्रिल मशीन भेट देणारे दिलदार लोक मी पाहिले आहेत. ती दोन भोकं पाडून माळ्यावर जातात. एकशे आठ नगांचे चकचकीत टूलकिटही तसेच. त्यात एकशे तीन नग कशासाठी हे घेणाऱ्याला कळत नाही आणि उरलेल्या पाचांचं लोखंड मऊ असतं. स्क्रूच्या खाचेऐवजी पेचकसच झिजतो. म्हणून थोडी आणि चांगली द्यावीत, आणि शक्यतो एक तरी अशी की जिचा उपयोग घेणाऱ्याला सुचलेला नसेल. पुट्टी भरायची रुंद पाती ओट्यावर चिकटलेली कणीक एका फटक्यात उचलते. लांब नाकाची पक्कड मासे साफ करताना बारीक काटे ओढायला सुरीपेक्षा बरी. दांड्याला लावलेला छोटा आरसा गॅरेजवाल्यांकडे असतो; फ्रिजच्या मागचा अनुक्रमांक वाचायला फ्रिज हलवावा लागत नाही. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला या गोष्टी ढिगांनी मिळतात. दुकानदाराला ‘भेट द्यायचीय’ म्हणून सांगितलं तर तो आधी गोंधळतो आणि मग आतून वेगळा माल काढतो, हा माझा अनुभव आहे.

पाणसळ या सगळ्यांत माझी लाडकी. गवंड्याची वस्तू, नऊ इंची लांबी, मधल्या नळीत पिवळट द्रव आणि त्यात एक बुडबुडा. लोक समजतात ती फोटोची चौकट सरळ लावायला. पण आपल्या घरांतली अर्धी धडधड पाणसळीची गिऱ्हाईक असते. कपडे पिळताना मशीन न्हाणीघरभर नाचतं, आपण मेकॅनिक बोलावतो, तो तीनशे रुपये घेतो आणि दोन मिनिटांत एक पाय फिरवून जातो. पाणसळ मशीनच्या डोक्यावर आडवी ठेवा. बुडबुडा नेहमी उंच बाजूला पळतो. तो ज्या बाजूला गेला त्याच्या विरुद्ध बाजूचा पाय फिरवून उंच करायचा, बुडबुडा दोन रेघांमध्ये आला की थांबायचं. मग पाणसळ काटकोनात फिरवून पुढे-मागे तेच. थेवेनो नावाच्या फ्रेंच माणसाने सतराव्या शतकात हा बुडबुडा नळीत कोंडला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर वॉशिंग मशीन नक्कीच नव्हतं.

वास्तुशांत शनिवारी होती. वहिनीचा मान राखून मी त्या दिवशी पाचशे एक रुपयांचं पाकीट दिलं, म्हणजे पाकीटवाल्यांचंही समाधान. जुन्या सुती कापडाला मशीनच्या तेलाचा थेंब पुसून तिन्ही हत्यारं त्यात गुंडाळली आणि रविवारी संध्याकाळी नेऊन दिली. वहिनीने माझ्या हातावर एक रुपया ठेवला, मी घेतला. भाचीने पक्कड उजेडाकडे धरून पाहिली, फट नव्हती.

सोमवारी सकाळी साडेसातला फोन. ‘आत्या, बुडबुडा डावीकडे गेलाय. म्हणजे उजवा पाय वर करायचा ना?’

मी म्हटलं, आधी मशीनचा प्लग काढ.